पाण्यावरचा पगमार्क

"भाऊ, आज दिसेल ना?"

हा प्रश्न मी गेली चौदा वर्षं दिवसातून दोनदा ऐकतो. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर मी गाईड आहे. सकाळची फेरी, दुपारची फेरी, मंगळवारी सुट्टी, आणि पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद झाला की घरच्या बांधीत धानाचा रोवणा. विचारणारा पुण्याचा असो की कलकत्त्याचा, आवाज एकच असतो. पैसे भरलेत, लांबून आलोय, दाखव. माझंही उत्तर ठरलेलं: "जंगल आहे साहेब, त्याची मर्जी." हे उत्तर ऐकणाऱ्याला कसं झोंबतं ते मला फेब्रुवारी 2024 मध्ये कळलं. श्रीलंकेच्या दक्षिणेला, भर समुद्रात, बोटीचा कठडा धरून पोटातलं सगळं बाहेर काढल्यावर.

पुण्याचे एक डॉक्टर दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. चार-चार दिवस राहतात, वाघ दिसला नाही तरी कुरकुर करत नाहीत, म्हणून मला ते आवडतात. 2023 च्या मे महिन्यात पांढरपौनीच्या पाणवठ्यावर दोन तास बसून काहीच आलं नाही, तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या फेब्रुवारीत आम्ही श्रीलंकेत मिरिसाला देवमासे बघायला चाललोय. तूही चल. विमानाचं तिकीट आमच्याकडे." मी हसून सोडून दिलं. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, बसलेला पाहुणा लय बोलतो, गेटाबाहेर पडला की विसरतो. पण पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, "पासपोर्टचा फॉर्म भरला का?"

पासपोर्टची वेगळीच कथा. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख 1 जुलै. आमच्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जुलैलाच येतो, कारण नाव घालताना गुरुजींनी लिहिली तीच तारीख. आधारवर मात्र 1 जानेवारी पडलेली. आधी ती दुरुस्ती, मग दीड हजार रुपये फी, मग नागपूरच्या दोन चकरा. शेवटी पोलीस पडताळणी. ठाण्यातल्या जमादारानं विचारलं, "दुबई का सौदी?"

"श्रीलंका."

"कायच्या कामानं?"

"मासा पाहायला."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. "सकाळीच घेऊन आला का बे?"

घरी मात्र कुणी हसलं नाही. त्याच नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू येऊन फसलं होतं. लोक त्याच्यावर पाणी टाकत होते, बोटीनं ओढून समुद्रात नेत होते, सगळं टीव्हीवर चाललं होतं. ते काही जगलं नाही. माझ्या मायनं ते तीन दिवस पाहिलं होतं. मी श्रीलंकेचं सांगितलं तशी म्हणाली, "त्या पिल्लाची माय पाहाले चालला का?" मी म्हटलं, तो समुद्र वेगळा. तिला ते पटलं नाही. पाण्याला कुठं शेतासारखा धुरा, बांध असतो का, असं तिचं म्हणणं. आता विचार केला तर तिचंच बरोबर आहे.

बायकोचं गणित निराळं होतं. फेब्रुवारी म्हणजे सीझन. आमचे नंबर रोटेशननं लागतात, आठ दिवस गेलो म्हणजे तितक्या ड्युट्या बुडाल्या. "तिकीट फुकटचं आहे, जाणं फुकटचं नाही," ती म्हणाली, आणि तरी बॅगेत शेव-चिवड्याचा डबा भरला. व्हिसा ऑनलाइन काढायचा होता, त्याची फी त्या काळात भारतीयांना माफ होती. तेवढा एक कागद काही त्रास न देता हातात आला.

नागपूरहून चेन्नई, चेन्नईहून कोलंबो. चेन्नईच्या काउंटरवर साहेबानं विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, ताडोबात गाईड. त्याचा हात शिक्क्यावर थांबला. "टायगर पक्का दिखता है?" तिथंही सुटका नाही.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो रेल्वेच्या खिडकीतून. कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून दक्षिणेकडे जाणारी गाडी किनाऱ्याला इतकी खेटून जाते की लाटेचे थेंब डब्यात येतील असं वाटतं. आजवर मला इरई धरणाचं पाणी मोठं वाटायचं. पण धरणाला पलीकडचा काठ असतो, काठावर झाडं असतात, नजर कुठंतरी टेकते. इथं टेकायला काही नव्हतं. मी अर्धा तास नुसता पलीकडचा काठ शोधत होतो. मध्ये पेरालिया नावाचं गाव लागलं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथंच अख्खी रेल्वेगाडी लाटेखाली गेली होती आणि सतराशेहून जास्त माणसं मेली होती. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर डब्यात थोडा वेळ कुणी बोललं नाही. त्यानंतर मी समुद्राकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. आमच्याकडे वाघाचं असंच आहे. सुंदर म्हणणारे पाहुणे असतात, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय ते गावातच असतात.

वेलिगामाला उतरून ऑटोनं मिरिसा. जेवणाचं एक सांगतो. ताटात खोबऱ्याचा लालभडक तिखट कीस आला, नाव 'पोल सांबोल'. मी डॉक्टरांना म्हटलं, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, तुमच्याकडे सांबार म्हणजे इडलीबरोबरचं, जंगलात सांबर शिंगं घेऊन फिरतं, आणि आता हे. आभार मानायचा त्यांचा शब्द तर 'इस्तुती'. आपली स्तुतीच ती. देवमाशाला म्हणतात 'तल्मसा', निळ्या देवमाशाला 'नील तल्मसा'. हे ऐकून मला उगाचच धीर आला.

पहाटे सहाला बंदरावर. डिझेल, बर्फ आणि माशांचा वास, रंगीत होड्यांची गर्दी, त्यातून वाट काढत पर्यटकांच्या दोन मजली बोटी. केशरी जॅकेटं घालून आम्ही बसलो. बोटीवरच्या पोरानं उलटीच्या गोळ्या वाटल्या. मी घेतली नाही. चौदा वर्षं जिप्सीच्या मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेतलेल्या माणसाला गोळी कशाला? रस्त्याचा खड्डा एकदा येतो आणि मागं जातो. समुद्राचा खड्डा जात नाही, तो बोटीखालीच राहतो आणि नंतर तुमच्या पोटात येऊन बसतो. तासाभरात मी कठड्यावर लोंबकळत होतो. बोटीवरचं पोर पाठीवर हात फिरवत होतं, आणि मला आठवत होते धुळीनं बेजार झालेले, पाठ धरून बसलेले माझे पाहुणे, ज्यांना मी "आता येईलच साहेब" म्हणत असतो.

त्या दिवशी देवमासा दिसला नाही. डॉल्फिन दिसले, शंभरएक असतील. पाण्याबाहेर उडी मारून अंगाभोवती गिरक्या घेणारे. लोक टाळ्या वाजवत होते. मला मात्र चितळांचा कळप पाहिल्यासारखं झालं. छान, पण यासाठी आलो नाही. हा विचार मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली. चितळांकडे पाठ फिरवून "टायगर किधर?" विचारणाऱ्यांची मी चौदा वर्षं चहाच्या टपरीवर टिंगल केली आहे. आणि मी काय करत होतो? परत येताना त्या पोराला विचारलंच, "उद्या दिसेल का?"

पोरगं हसलं. हात समुद्राकडे केला आणि खांदे उडवले. समुद्र आहे साहेब.

दुसऱ्या दिवशी गोळी घेतली. नारंगी सूर्य वर आला तेव्हा आम्ही दोंद्रा टोकाच्या बाहेर होतो. लंकेचं सगळ्यात दक्षिणेचं टोक ते. तिथलं पांढरं दीपगृह 1889 चं, 49 मीटर उंच, बोटीतून काडीएवढं दिसत होतं. देवमासे इथंच का, हे त्या पोरानं सांगितलं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. किनाऱ्याजवळचा समुद्राचा तळ बाकीकडे लांबवर उथळ असतो, इथं तो थोडक्यात संपतो आणि एकदम खोल दरी लागते, हजार मीटरची. खालचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यात बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर कोळंबीसारखे किडे, आणि ते खायला जगातला सगळ्यात मोठा प्राणी येतो. मे महिन्यात पाणवठा धरून बसावं तसंच हे. जिथं पोटाची सोय, तिथं जनावर.

एक गोष्ट ऐकून तर मी उठून बसलो. निळा देवमासा थंड समुद्रात खातो आणि उबदार समुद्रात फक्त विणीसाठी येतो, असं पुस्तकात होतं. आशा डी व्होस नावाच्या श्रीलंकेच्या शास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये, विद्यार्थिनी असताना, इथंच सहा निळे देवमासे एकत्र पाहिले आणि पाण्यावर तरंगणारी त्यांची लालभडक विष्ठा पाहिली. विष्ठा आहे म्हणजे खातोय, खातोय म्हणजे इथंच राहणारा आहे. तिथून पुढं त्यांनी सगळा अभ्यास उभा केला. हे देवमासे अंटार्क्टिकाला जात नाहीत, वर्षभर याच गरम पाण्यात राहतात. आम्ही तरी वेगळं काय करतो? रस्त्यावर वाघाची विष्ठा दिसली की उतरता येत नाही, पण ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगतो. केस दिसतात, हाड दिसतं. काल काय खाल्लं ते कळतं. जनावर नाही दिसलं तरी जनावराची बातमी मिळते.

साडेआठच्या सुमारास वरच्या मजल्यावरून ओरडा झाला. लांबवर पाण्यातून पांढरा खांब उठला. सरळ, सागाच्या तरण्या खोडासारखा, आणि मग वाऱ्यानं विरला. देवमाशाचा श्वास. निळ्याचा फवारा नऊ मीटरपर्यंत जातो, म्हणून इतक्या लांबून दिसतो. आमच्याकडे वानराचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याची हाक, आला की सगळ्या जिप्स्या एका दिशेला उधळतात, अगदी तसंच झालं. चार बोटी, मग सहा, मग आठ. सगळ्यांची नाकं एकीकडे, इंजिनांचा धूर, कॅमेरे वर. आमच्या बोटीचा म्हातारा तांडेल मात्र लुंगी सावरत आपला हळूहळू चालला होता. बाकीच्या बोटी आमच्या पुढं निघून गेल्या.

आणि मी ओरडलो. "अरे, जवळ घे ना! पुढं घे!"

मराठीत. त्याला काय कळणार? डॉक्टरांना कळलं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

हे वाक्य मी रोज ऐकतो. ज्या दिवशी कुणी जास्तच जोर करतो, त्या दिवशी मी त्याला सांगतो, साहेब, वाघाला रस्ता द्यायचा असतो. मी हे लिहितोय त्याच्या आधी आपल्याच भागातल्या एका अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पिल्लांना गाड्यांनी दोन्हीकडून कोंडल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. गाईड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली, कोर्टानं दखल घेतली. आमच्या टपरीवर तेव्हा दोन पक्ष पडले होते. पाहुणे जोर करतात, गाईड काय करेल, असं एक. गाईडला नाही म्हणायला तोंड नाही का, असं दुसरं. मी दुसऱ्या पक्षात होतो. पण तो जोर येतो कुठून हे मला आता माहीत आहे. तो वाईट माणसाच्या पोटातून येतो असं नाही. दोनशे मीटरवर आयुष्यात एकदाच दिसणारी गोष्ट असते आणि पुढच्या बोटीतल्या माणसाला ती आपल्याआधी दिसतेय, एवढं पुरेसं होतं.

बोटी पोचेपर्यंत देवमासा बुडाला होता. पाच-दहा मिनिटं सगळे घिरट्या घालत राहिले, मग एकेक बोट दुसऱ्या फवाऱ्यामागं गेली. तांडेलानं इंजिन जवळजवळ बंद केलं. नियम शंभर मीटरचा आहे, पोरगं म्हणालं, पण म्हातारा त्याहून लांबच थांबतो. मग त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं.

सगळीकडे बारीक लाटा आणि मध्येच एक गुळगुळीत गोल. तेल सांडल्यासारखा, खळ्याएवढा. त्यात एक लाट नाही. थोडं पुढं आणखी एक. मग आणखी एक, विरत चाललेला. देवमासा शेपटी हाणत खाली जातो तेव्हा पाणी वर ढकललं जातं आणि पृष्ठभागावर असा चपटा डाग उरतो. त्याला ते लोक 'फूटप्रिंट' म्हणतात. पायच नसलेल्या जनावराचा पायाचा ठसा, आमच्या भाषेत पगमार्क! माझ्या अंगावर काटा आला. देवमासा मी अजून धड पाहिला नव्हता, पण ही भाषा मला येत होती. एक ठसा, दोन ठसे, तिसरा ताजा. म्हणजे दिशा ही. म्हणजे इतक्या वेगानं. मी पोराला हातानं दाखवलं, तिकडं निघणार का? त्यानं म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि पानाची पिंक समुद्रात टाकली.

आम्ही थांबलो. बारा मिनिटं असतील. बोट डुलत होती. कुणी बोलत नव्हतं. बांबूत गेलेला वाघ कुठून निघेल याचा अंदाज बांधून दुसऱ्या वळणावर गाडी लावतो तेव्हा पाहुणे जसे घड्याळ पाहतात, तशी मी तीनदा डॉक्टरांच्या घड्याळात वेळ पाहिली.

आधी रंग दिसला. गडद निळ्या पाण्याच्या आत फिकट, आकाशी, उजेड लागल्यासारखं काहीतरी सरकत होतं. मग फुस्स. मोठ्या ट्रकचे एअर ब्रेक सुटतात तसा आवाज. मागून वास आला, कुजक्या मासळीचा. मग पाठ. पाठ आली, आणि येतच राहिली. ढगाळ करडी, अंगभर ठिपके. आमच्याकडे वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, इथं हे ठिपके आणि शेपटीची कड पाहून एकेकाची नोंद ठेवतात. पाठ संपेना. मी जिप्स्या मोजत होतो. एक, दोन, तीन... चौथीला पाठीवरचा तो इवलासा पर दिसला, एवढ्या मोठ्या अंगाला न शोभणारा. पाच, साडेपाच. वजन ऐंशी-नव्वद टन, पोरगं म्हणालं. म्हणजे मोहर्लीच्या रस्त्यावर वीस हत्ती एकावर एक. असलं गणित डोक्यात बसत नाही. जिप्स्या बसतात.

पाच वेळा श्वास घेतला. मग पाठीची कमान झाली आणि शेपूट वर आलं. पूर्ण, पसरलेलं, पाणी निथळत. सावकाश. वाघ रस्ता ओलांडताना कधीकधी आपल्याकडे न पाहता निघून जातो, आपण तिथं आहोत की नाही याचा त्याला काही फरक पडत नाही, तसं ते शेपूट गेलं. मागं उरला तो गुळगुळीत गोल.

म्हाताऱ्याचं हे कौशल्य की नशीब, ते मी सांगणार नाही. आमच्या धंद्यातही निम्मं नशीबच असतं आणि ते आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. डॉक्टरांचं मात्र नशीब फिरलं होतं. पाठ वर आली त्याच वेळी ते दुसऱ्या बाजूच्या कठड्यावर वाकले होते. शेपूट तेवढं पाहिलं त्यांनी, तेही ओल्या डोळ्यांनी. गोळी विसरले होते. डॉक्टर!

परतताना क्षितिजावर मालवाहू जहाजांची रांग दिसली. एकामागं एक, आमच्या गावाहून मोठी. जगातल्या गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक इथूनच जातो, नेमका देवमाशांच्या चरायच्या जागेवरून. जहाजाखाली सापडून देवमासे मरतात. 2022 पासून एमएससी या मोठ्या जहाज कंपनीनं आपली जहाजं पंधरा सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, बाकीच्या पुष्कळ अजून जवळूनच जातात, असं पोरगं म्हणालं. मला आमची बल्लारशा-गोंदिया लाइन आठवली. 2018 च्या नोव्हेंबरात जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले होते. लाइन हलवता येत नाही म्हणतात. समुद्रात रूळ नाहीत, तरी अडचण तीच. मी त्या पोराला ते बछड्यांचं सांगायचा प्रयत्न केला. 'ट्रेन' आणि 'टायगर' एवढं त्याला कळलं, पुढचं मी हातानं दाखवलं. मग तो काही बोलला नाही.

उतरताना म्हाताऱ्याला म्हटलं, "इस्तुती." त्यानं माझ्या हातात एक पान दिलं. चुना भयंकर होता.

घरी आलो तो सोमवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे सुट्टी. मोबाइलवरचा व्हिडिओ मायला दाखवला. त्यात पाणी होतं, माझा अंगठा होता आणि शेवटी एक काळा ठिपका होता.

"येवढाच?" माय म्हणाली.

"अवं, लय मोठा होता."

"केवढा?"

मी उठलो. ओट्याच्या पायरीला पाठ लावली आणि लांब ढांगा टाकत निघालो. अंगण, तुळस, बैलांचा मांडव. आठ, नऊ, दहा. माय ओट्यावरून पाहत होती. "पिल्लू होतं का संगं?" तिनं मागून विचारलं. नव्हतं. निदान मला दिसलं नाही. तसं सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली. मी न्हाणीच्या पलीकडे गेलो, कुडाच्या फटीतून आत शिरलो, सोळा, सतरा, आणि काकाजीच्या वांग्याच्या वाफ्यात बावीसवर थांबलो.

काकाजी कंदील घेऊन बाहेर आले. त्या कुडावरून आमचं दहा वर्षं बोलणं बंद-चालू आहे.

"कावून बे, जागा मोजून राहिला का?"

"नाही काकाजी. मासा मोजून राहिलो."

त्यांनी कंदील वर धरला. ओट्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाखालच्या वांग्यांकडे.

"मंग त्याचं शेपूट माह्या हद्दीत आलं ना बे."